आजारी बेडकाची शुश्रूषा

मृग निघून जावा, धूळपेरणीचे बियाणे जमिनीत कोरडेच पडून राहावे आणि माणिकगडाच्या डोंगरावर ढगांनी नुसते तोंड दाखवून परत फिरावे, असे दिवस गडचांदूरच्या मुलखाला नवे नाहीत. अशा वेळी विदर्भातील खेड्यापाड्यांतून धोंडी निघते. कडुनिंबाच्या पाल्यासह एक बेडूक काठीला बांधावयाचा, मुलांनी ती काठी खांद्यावर घेऊन दारोदार हिंडावयाचे, घरच्या बाईने बेडकावर तांब्याभर पाणी ओतावयाचे आणि पसाभर धान्य मुलांच्या झोळीत टाकावयाचे, असा हा विधी. पाऊस येवो अगर न येवो, मुलांची चंगळ होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त बेडकांनाच उद्देशून आहे. तेव्हा पाऊस आणि बेडूक यांची सांगड फार जुनी आहे, यात शंका नाही.

प्रश्न उरतो तो सायंकाळी सोडून दिलेल्या त्या बेडकाचा. दिवसभर दोरीने जखडलेला आणि उन्हात फिरविलेला हा जीव पुष्कळदा एखाद्या अंगणाच्या कोपऱ्यात निपचित पडतो. घरातील एखादे हळवे पोर त्याला ओंजळीत घेऊन आत येते आणि ‘याला बरे कर’ म्हणून आईच्या मागे लागते. कित्येकदा धोंडीचीही गरज नसते. न्हाणीघरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असलेला वृक्षबेडूक उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत शिरतो, आणि टाकी कोरडी पडली की वाळून भिंतीला चिकटलेला सापडतो. ज्या घरी मुलांनी त्याचे नावही ठेवलेले असते, त्या घरी ही लहान घटना राहत नाही. अशा वेळी त्या माउलीने करावे तरी काय?

करावे काय, यापेक्षा करू नये काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडे जखम दिसली की हळद, सूज दिसली की चुना आणि अशक्तपणा दिसला की दूध, असे उपचार हाताशी तयार असतात. माणसाच्या बाबतीत त्यांचे गुणावगुण काहीही असोत, बेडकाला ते घातक आहेत. कारण बेडकाचे कातडे हे आपल्या कातड्यासारखे नुसते आच्छादन नव्हे. त्याच वाटेने तो पाणी घेतो, त्याच वाटेने बराचसा श्वासही घेतो. त्यावर लेप चढविणे म्हणजे आजाऱ्याचे नाकतोंड लिंपून टाकण्यासारखेच होय.

ही गोष्ट उमगली तीही घरी पाळलेल्या बेडकांमुळेच. रॉबर्ट टाउनसन नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १७९० नंतरच्या दशकात जर्मनीतील गोटिंगेन येथे वृक्षबेडूक बाळगले होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागेवर पोट टेकून बसला की पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून पाणी शोषून घेतो, आणि मूत्राशयात साठविलेले पाणी टंचाईच्या वेळी पुन्हा शरीरात वापरतो, हे त्याने दाखवून दिले. म्हणून बेडकाचा जबडा उघडून चमच्याने पाणी पाजणे हा केवळ त्याचा छळ आहे. त्याला पाण्यात बसविणे हेच त्याला पाणी पाजणे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणातून आजची सारी शुश्रूषा निघते. बेडकाला उचलावयाचे तर हात आधी साबणाने धुऊन, मग साबणाचा अंशही राहणार नाही इतके खळबळून, ओलेच ठेवून उचलावे. खर्रा घोटलेल्या हातांनी तर त्याला शिवूच नये. तंबाखूतील विष त्याच्या कातडीतून आत जाते. दोरीचा काच अंगात रुतला असेल तर दोरी ओढू नये, लहान कात्रीने अलगद कापावी. नंतर एक रुंद घमेले अगर पसरट टब घ्यावा, एका बाजूखाली लाकडाची चीप देऊन तो किंचित कलता करावा आणि खालच्या बाजूला बेडकाचे पोट भिजेल एवढेच पाणी घालावे. बेडूक आणि बुडतो, हे ऐकून हसू येईल. परंतु मान उचलण्याचीही ताकद न उरलेला बेडूक खोल पाण्यात खरोखरच बुडून मरतो. वरच्या बाजूला ओले फडके आणि आडोशाला खापराचा तुकडा ठेवावा, वरून जाळी बांधावी, आणि हे सर्व घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात, पंख्याच्या झोतापासून दूर असावे. चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या हवेत उघड्यावर ठेवलेला बेडूक तासाभरातच वाळू लागतो.

पाणी कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नळाच्या पाण्यातील जंतुनाशक क्लोरीन बेडकाला सोसत नाही. ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास क्लोरीन बरेचसे उडून जाते. स्वच्छ विहिरीचे पाणी मिळाल्यास उत्तमच. मात्र अतिशुद्ध म्हणून बाटलीतले ऊर्ध्वपातित पाणी आणू नये. लंडनचे वैद्य सिडनी रिंगर हे १८८० नंतरच्या दशकात बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. एका खेपेस द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते, आणि हृदय चालू राहण्याचे श्रेय त्या पाण्यातील चुन्याच्या क्षाराकडे, म्हणजे कॅल्शियमकडे जाते, हे पुढे त्यांच्या ध्यानात आले. आज रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी टांगलेली ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली त्याच शोधाची वंशज आहे. माणसांवर बेडकाचे हे उपकार कोणाच्या फारसे ध्यानी नसतात!

गडचांदूर हा चुनखडीचा मुलूख. येथील सिमेंट देशभर जाते. जड पाण्याची बेडकाला भीती नाही. पण ओल्या सिमेंटची दाहकता गवंड्याच्या हातांना ठाऊक असतेच, आणि तीच गोष्ट बेडकाच्या नाजूक कातडीला कितीतरी पटींनी लागू पडते. बांधकामाच्या हौदात अगर ताज्या गिलाव्यावर पडलेला बेडूक मिळाला, तर त्याच्यावर स्वच्छ पाण्याची संथ धार बराच वेळ सोडावी. कपाशीवर फवारणी झाल्यानंतर शेतात थरथरत पडलेल्या बेडकालाही प्रथमोपचार हाच. तेथे मात्र हातांत मोजे घालावेत, आणि धुतलेले पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये.

नुसत्या उन्हाने व थकव्याने ग्रासलेला बेडूक पुष्कळदा रात्रभराच्या ओलाव्याने टवटवीत होतो. तसा न झाला तर रोगाची शंका घ्यावी. पोटावर व मांड्यांवर लाली पसरणे हे रक्तात जंतू शिरल्याचे लक्षण असू शकते. अस्वच्छ पाण्यात कोंडून ठेवलेल्या बेडकांना हा विकार विशेष जडतो. म्हणून टबातील पाणी रोज बदलणे ही टापटिपीची नव्हे, जगण्यामरण्याची गोष्ट आहे. कातडीचे पापुद्रे वरचेवर सुटणे, दिवसाउजेडी उघड्यावर सुस्त बसणे, उताणा केला असता पालथे न होणे, ही चिन्हे बुरशीच्या रोगात दिसतात. कायट्रिड नावाच्या या बुरशीला शास्त्रीय नाव १९९९ साली मिळाले, तेही वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका बेडकावरून. पश्चिम घाटात ती आढळल्याच्या नोंदी २०११ पासून आहेत. ती कातडीतील क्षारांची देवघेव बिघडविते, आणि अखेर हृदय थांबते. येथे घरगुती उपाय चालत नाहीत, आणि माणसाच्या गोळ्यांचे तुकडे तर मुळीच नव्हेत. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी विचारणे हाच मार्ग. एक गोष्ट मात्र ऐकून ठेवावी: निरोगी बेडूकही अधूनमधून कात टाकतो आणि ती स्वतःच गिळून टाकतो. ते दृश्य पाहून कोणी घाबरून जाऊ नये.

खाण्याची घाई करू नये. पहिले एक-दोन दिवस काही न दिले तरी चालते. भात, पोळी, दूध हे त्याचे अन्न नव्हे, आणि हालचाल न करणाऱ्या वस्तूकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. सावध झाल्यावर जिवंत नाकतोडे अगर रातकिडे सोडावेत. फवारणीच्या शेतातले अगर घरात औषध मारून अर्धमेली केलेली झुरळे देऊ नयेत. घास गिळताना बेडूक डोळे मिटतो, ते समाधानाने नव्हे. डोळ्यांचे गोळे आत ओढून त्यांच्या दाबाने तो घास घशाकडे ढकलीत असतो. मुलांना हे अवश्य दाखवावे. पाहणे संपले की त्यांचे हात साबणाने धुवून घ्यावेत, कारण बेडकाच्या अंगावर आपल्या पोटाला अपाय करणारे जंतू असू शकतात. खरखरीत अंगाच्या भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींत तर विषच असते.

बेडूक बरा झाला की मुलांचा खरा हट्ट सुरू होतो: हा आता आपलाच! येथे आईने मन घट्ट केले पाहिजे. रानातले प्राणी धरून बाळगण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. बेडकांच्या तंगड्यांचा परदेशी व्यापारही, पिकांवरील किडे खाणारा हा सोबती नाहीसा होऊ लागला म्हणून, आपल्या देशाने १९८७ साली बंद केला. दुखापत मोठी असेल तर वनविभागाला कळवावे. नाहीतर तो उड्या मारू लागला, की सायंकाळी ऊन उतरल्यावर जेथे सापडला तेथेच न्यावा. त्याला मोठे पाणी लाभावे म्हणून कोणी अमलनाल्याच्या धरणावर नेऊन सोडतात. हेतू चांगला, पण त्यामुळे एका डबक्याचा रोग दुसऱ्या पाण्यात जातो. न्हाणीघरातला असेल तर न्हाणीघरातच सोडावा, आणि त्या कोपऱ्यात काही दिवस फिनेल टाकू नये.