पाच वर्षांची गोळी

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला 'स्त्रियांचे आरोग्य' असा विषय दिला होता. तो एवढा मोठा आहे की वक्ता फळे खा, पाणी प्या, सकाळी चालायला जा, एवढे सांगून खाली बसतो. म्हणून मी त्यातली एकच गोळी निवडली आहे. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसले. कोणती गोळी कोण नेते, कोण न्यायची थांबते, हे त्या खिडकीतून चांगले दिसते. पाळी गेल्यानंतर स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांची ही गोळी न्यायला येणाऱ्या कितीतरी जणी दुसऱ्या वर्षी यायच्या थांबायच्या. त्यांच्यासाठी हे बोलणे आहे.

हा आजार होतो तेव्हा गाठ काढतात, काहींना केमो देतात, काहींना वीज देतात, म्हणजे रेडिएशन. हे सगळे सात-आठ महिन्यांत उरकते. घरात सत्यनारायण होतो, पाहुणे जेवून जातात, आणि सगळ्यांना वाटते, संपले. त्याच सुमाराला डॉक्टर एक छोटी गोळी लिहून देतात आणि म्हणतात, रोज एक, पाच वर्षे. एवढ्या मोठ्या आजारावर एवढीशी गोळी, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ती कशासाठी असते ते आधी सांगते. गाठ तपासायला जाते त्या कागदावर ईआर आणि पीआर अशी दोन अक्षरे असतात. समोर 'पॉझिटिव्ह' लिहिले असेल तर ती गाठ बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जाते असा अर्थ. 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून घरची माणसे घाबरतात. कोविडने त्या शब्दाचे नाव खराब करून ठेवले आहे. इथे मात्र ती चांगली बातमी असते, कारण उपचाराला आणखी एक दार उघडते. 'निगेटिव्ह' असेल तर ही गोळी उपयोगाची नाही, शेजारणीने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही.

मग कुणी विचारते, पाळी जाऊन दहा वर्षे झाली, आता कुठले हार्मोन? आपल्याकडच्याच उदाहरणाने सांगते. बाईच्या बीजकोशाला मोठी दालमिल समजा. पन्नाशीच्या आसपास मिल बंद पडते. पण घरोघरची जाती चालूच राहतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कच्चा माल येतो आणि अंगातली चरबी, स्नायू, त्वचा तो दळून थोडे थोडे इस्ट्रोजेन करत राहतात. त्या जात्याचे नाव अरोमाटेज. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तीन गोळ्या ते जाते थांबवतात. टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी वेगळे काम करते. ती दळण थांबवत नाही, गाठीच्या पेशीत इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसते ती जागाच अडवते. चरबी जास्त तितकी जाती जास्त, म्हणून पाळी गेल्यावर वजन आवरायला सांगतात, त्याचे एक कारण हेही आहे.

याचा इतिहास मला फार आवडतो. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांना शेतकऱ्यांकडून कळले होते की गाईचे बीजकोश काढले तर तिचे दूध लांबते. बीजकोशाचा स्तनाशी काही धागा आहे, एवढे त्यावरून धरून त्यांनी आजार पसरलेल्या रुग्ण बाईचे बीजकोश काढले आणि गाठी विरघळताना पाहिल्या. १८९६ साली त्यांनी ते छापले. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता. टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी बनवले, तेही कुटुंबनियोजनाची गोळी म्हणून. त्या कामात ते साफ नापास झाले, उलट बीज सुटायला मदत करू लागले. १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलात मेरी कोल यांनी स्तनाच्या कर्करोगावर ते वापरून पाहिल्याचा अहवाल दिला आणि औषधाचे नशीब फिरले. जाते थांबवणाऱ्या गोळ्या पुढे १९९०च्या दशकात आल्या.

लेट्रोझोलची गंमत आपल्याच देशातली आहे. हे औषध मूल होण्यासाठीही देतात. २०११ साली सरकारने त्या कामासाठी त्यावर बंदी घातली आणि काही वर्षांनी ती उठवली. कर्करोगासाठी ते कधीच बंद नव्हते. पण पुतण्या मोबाइलवर बघतो आणि बासष्ट वर्षांच्या काकूला सांगतो, हे तर बंदी आलेले औषध आहे, आणि पोरे होण्याचे आहे. काकू लाजून गोळी बंद करते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, आणि माझ्या मते आजची सगळ्यात महत्त्वाची. पाळी गेली म्हणजे काय? आपल्याकडे कितीतरी बायकांची गर्भपिशवी तिशीतच काढलेली असते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ साली झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कलबुर्गी जिल्ह्यातल्या तांड्यांवरूनही अशा तक्रारी त्याआधी पुढे आल्या होत्या. पिशवी काढली की पाळी थांबते. पण बीजकोश ठेवले असतील तर मिल चालूच असते! अशा बाईने डॉक्टरांना 'पाळी गेली' एवढेच सांगितले आणि तिला जाते थांबवणारी गोळी दिली, तर ती चालणार नाही, कारण मिलचे उत्पादन जात्याच्या कितीतरी पट असते. केमोमुळे पाळी थांबलेल्या चाळिशीतल्या बायकांचेही तेच, त्यांची मिल पुन्हा सुरू होऊ शकते. तेव्हा सांगताना नीट सांगा, पाळी आपोआप गेली की ऑपरेशनने, कितव्या वर्षी, बीजकोश ठेवले की काढले. ऑपरेशनचा कागद हरवला असेल तर तेही सांगा. रक्ताच्या तपासणीतून आणि वयावरून डॉक्टर ठरवतात. टॅमॉक्सिफेनला ही अडचण नाही, ते पाळी असतानाही चालते.

गोळीचा उपयोग किती, याचे उत्तर जगभरच्या हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून काढलेले आहे. ईआर पॉझिटिव्ह असताना पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलेल्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. पाळी गेलेल्या बायकांत जाते थांबवणाऱ्या गोळ्यांनी त्याहून थोडा जास्त फायदा दिला. आणि या प्रकारच्या कर्करोगाची खोड अशी की तो उशिरा परततो, दहा, पंधरा, वीस वर्षांनीसुद्धा. दोन वर्षे काही झाले नाही म्हणून गोळी बंद करणे हा हिशेब म्हणूनच चुकतो.

मग बायका बंद का करतात? विसरतात म्हणून नव्हे. सांधे दुखतात म्हणून. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, जिना उतरताना गुडघे धरतात. जवळपास निम्म्या बायकांना हे कमीअधिक होते. आपल्याकडे मग घरात म्हणतात, वय झाले. बाई गप्प बसते आणि एक दिवस मनानेच गोळी सोडते. माझ्या खिडकीवर येणाऱ्या एक मावशी अशाच दीड वर्षाने थांबल्या. गुडघे बरे झाले, त्यांना आनंद झाला. चार वर्षांनी पाठ दुखू लागली. वर्षभर त्यांनी बाम चोळला. आजार मणक्यात आला होता. गोळी चालू असती तर आला नसता, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण गुडघ्यांचे दुखणे डॉक्टरांच्या कानावर गेले असते, तर करण्यासारखे पुष्कळ होते. रोज चालणे आणि हलका व्यायाम यांनी ते दुखणे खरोखर कमी होते. तिघींतली एक गोळी सोसत नसेल तर दुसरी सोसते. काही आठवडे थांबून बदल करतात. नाहीच जमले तर टॅमॉक्सिफेनवर आणतात.

जाते थांबवणाऱ्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. सुरुवातीला आणि मग वर्षा-दोन वर्षांनी हाडांची घनता बघायची. नाचणी, तीळ, दूध घ्यायचे, आणि डॉक्टर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व देतील तेही. काही जणींना सहा महिन्यांनी हाडांसाठी इंजेक्शन असते. टॅमॉक्सिफेनचे दोष वेगळे. क्वचित पायात रक्ताची गाठ होते, आणि पाळी गेलेल्या बाईला गर्भपिशवीच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी गेल्यावर एक थेंब जरी अंगावरून गेले तरी लपवायचे नाही. एक पाय एकाएकी सुजला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही प्रकारच्या गोळ्यांनी अंगात गरम वाफा येतात. आतला कोरडेपणाही येतो, त्याबद्दल तर कुणी नवऱ्यालाही सांगत नाही. मेडिकलमधून मनाने मलम आणू नका, काहींत इस्ट्रोजेनच असते. मनाच्या आजाराच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचे काम कमी करतात. काढे, चूर्ण, सगळे डॉक्टरांना दाखवायचे.

पैशाची भीती या बाबतीत थोडी बाजूला ठेवता येते. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. साध्या नावाची गोळी जनऔषधी केंद्रात विचारा, ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. गाठ काढायला मुंबईला टाटात गेलात तरी दर महिन्याला तिकडे जायची गरज नसते. कलबुर्गीला किदवईचे केंद्र आहे, हैदराबादला एमएनजे, बार्शीला नर्गिस दत्त. पाठपुरावा कुठे करायचा ते आधीच विचारून घ्या.

जिला अजून काहीच नाही तिच्यासाठी मुंबईचे एक काम सांगते. टाटाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षे अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन साध्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, काही नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. इथे बसलेल्यांत पन्नाशी ओलांडलेल्या किती आहेत ते मी मोजत नाही, पण आपल्या सभागृहात पडदा लावून हे करता येईल. पदाधिकाऱ्यांनी प्रशिक्षित सिस्टर मिळवावी, नावे लिहून घ्यायचे काम मी करते.

शेवटी आमच्या अक्कांनी आत्ताच विचारलेला प्रश्न. पाच वर्षे झाली, आता बंद करू का? काहींना पाचच पुरतात, काहींना सात, काहींना दहाही सांगतात. बगलेत किती गाठी होत्या आणि हाडे कशी आहेत यावर ते ठरते, आणि ते लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. तोवर लेकीकडे पुण्याला दोन महिने राहायला जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या आधी पिशवीत टाका, लोणच्याची बरणी नंतर.