मजुरीची चोपडी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता वडखळच्या नाक्यावर फुटतो आणि त्याचा एक फांटा अलिबागकडे वळतो. या नाक्याच्या आसपास, पेण तालुक्यांतील हमरापूर, जोहे, कळवे वगैरे गांवांत गणेशमूर्तींचे लहानमोठे कारखाने आहेत. मूर्तिकलेविषयीं आपण पुष्कळ ऐकलें असेल. आज मला बोलावयाचें आहे तें त्या मूर्ति घडविणाऱ्या हातांना दिलेल्या मजुरीच्या हिशेबाविषयीं, आणि प्राप्तिकराची तपासणी आली असतां त्या हिशेबाचें काय होतें याविषयीं.

अशा कारखान्यांत साचा भरणारा रोजावर, रंग देणारा नगावर, आणि डोळ्यांची आखणी करणारा कुशल कारागीर हंगामाच्या बोलीवर काम करूं शकतो. त्यांत भर उचलीची. मुलाच्या फीसाठीं दोन हजार, आजारपणासाठीं तीन हजार, असे घेतलेले पैसे भाद्रपदांत वळते होतात. मालकाला हें सारें तोंडपाठ असतें आणि मजुरालाही असतें. दोघांत तंटा नसतो, म्हणून कागदही होत नाहीं. आखणी करणाऱ्याचा हात जितका स्थिर, तितकी त्याच्या मजुरीची नोंद डळमळीत!

हा विश्वास खरा, पण तो दोघांपुरता असतो. पूर्वी तपासणी म्हणजे चोपड्या बगलेंत मारून अधिकाऱ्यापुढें जाऊन बसणें असे; न समजलें तें तोंडानें सांगतां येई. २०२० सालापासून ही तपासणी बहुतांशीं चेहरा न दाखवितां, संगणकामार्फत होऊं लागली. प्रश्न विचारणाऱ्यानें तुमचा कारखाना पाहिलेला नसतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं तेथें रात्रभर दिवे जळतात हेंही त्याला ठाऊक नसतें. त्याच्यापुढें असतो तो निव्वळ कागद.

समजा, एका कारागिराची हंगामाची मजुरी ३०,००० रुपये झाली. पैकीं १२,००० रुपये चार वेळां उचल म्हणून दिले आणि उरलेले १८,००० चतुर्थीच्या आधीं एकदम रोख दिले. रोजमेळांत मात्र सगळे ३०,००० एकाच तारखेस खर्चीं पडले. त्या दिवशीं पेटींत तेवढी रोकड नव्हती, हें तो रोजमेळच सांगून टाकतो. दुसरा दोष याहून महाग पडतो. एका इसमास एका दिवशीं १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले, तर कांहीं अपवाद सोडून ती रक्कम धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाहीं. ही मर्यादा पूर्वीं २०,००० होती. २०१७ सालीं ती निम्मी झाली. मर्यादेवरचीच रक्कम तेवढी जाते असें पुष्कळांस वाटतें, परंतु जाते ती सबंध रक्कम. पैसा कारागिराच्या घरीं खर्चून गेला, आणि तोच नफा समजून त्यावर कर भरावयाचा मालकानें!

उलाढालीच्या ठराविक टक्क्यानें नफा दाखवून कर भरण्याची सवलत ज्या लहान धंदेवाल्यानें घेतली असेल, त्याला हा जाच कमी. इतरांनीं हजेरीपट रोजच्या रोज भरावा. त्यांत पुरें नांव, गांव, काम, दर आणि नग लिहावे. उचलीला निराळा रकाना असावा, व ती ज्या दिवशीं दिली त्याच दिवशीं रोजमेळांत यावी. मोठी रक्कम बँकेंतूनच द्यावी. ५,००० रुपयांहून अधिक पोंच असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावावा. मुकादमाला ठोक रक्कम देत असाल, तर त्याच्या हाताखालच्या माणसांची यादी त्याच्या सहीनें घेऊन ठेवावी.

नोटीस आल्यावर वर्षाचा हजेरीपट एका रात्रींत लिहून काढण्याचा सल्ला देणारे शहाणे भेटतात. एकच शाई, एकच वळण, आणि ज्या दिवशीं मजूर गांवीं लग्नाला गेला होता त्या दिवशींही त्याचा अंगठा! हिशेब अपुरा असणें ही एक गोष्ट, आणि खोटा असणें ही अगदीं निराळी; दुसरीस दंड फार जबर आहे. मूळ नोंद नसेल तर नाहीं म्हणावें, आणि बँकेचे उतारे, मालाच्या मागण्या, मजुरांचे लेखी जबाब असें जें खरें हातीं असेल तें पुढें ठेवावें.

एक रकाना मात्र बहुतेक चोपड्यांत राहून जातो. १९७५ च्या कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत मासिक पगारांतून व्यवसायकर कापून भरण्याचें काम मालकाकडे आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या स्त्रियांना तो माफ झाला. पुरुषांची मर्यादा मात्र ७,५०० चीच राहिली. तेव्हां रंगकामावर बायका असतील, तर पगारपत्रकांत स्त्री कीं पुरुष हें नांवापुढें लिहावें, म्हणजे एकीचा कर कां कापला नाहीं हें कोणाला विचारावें लागणार नाहीं.