हॉकीची काठी निवडताना



शाळेत हॉकी सुरू करायचे ठरले, की आपण काय करतो? तालुक्याच्या गावी जातो आणि डझनभर काठ्या, सगळ्या एकाच मापाच्या, बांधून आणतो. माझ्या हातूनही हेच झाले. सहावीतला एक लहान चणीचा मुलगा मोठ्या माणसाची काठी घेऊन धावे. चेंडू अडवायला वाकला, की काठीचे वरचे टोक त्याच्या पोटात रुते. आठवड्याभरात त्याने येणे सोडले. मी म्हणालो, "याला काही हॉकी जमायची नाही." खरे पाहता, जमले नव्हते ते मला, काठी निवडणे!

तेव्हा गुरुजी, पहिली गोष्ट लांबीची. मुलाला सरळ उभे करा आणि काठी पायाशेजारी उभी टेकवा. वरचे टोक कमरेच्या हाडापाशी आले, म्हणजे माप साधारण बरोबर. मग त्याला गुडघ्यांत वाकून चेंडू ढकलायला सांगा. मूठ पोटाला लागली, तर काठी लांब आहे. मोठ्यांना साडेछत्तीस इंची काठी सहसा चालते. मुलांसाठी आखूड मापे मिळतात. सदरा वाढत्या अंगाचा घ्यावा. काठी मात्र आजच्या मापाची घ्यावी.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे खेळाडूची जागा पाहावी. आघाडीच्या खेळाडूला चेंडू झटपट इकडून तिकडे वळवायचा असतो. त्याला हलकी काठी बरी. मागे बचाव करणाऱ्याला चेंडू अडवून लांब फटकावायचा असतो. त्याला थोडी वजनदार काठी उपयोगी पडते. मधल्या फळीला दोन्ही कामे असतात, म्हणून तिथे मध्यम. नियमाने काठी ७३७ ग्रॅमपर्यंत चालते; पण हल्लीच्या बहुतेक काठ्या त्याहून पुष्कळ हलक्या असतात. नवशिक्याची जागा अजून ठरलेली नसते. त्याला मध्यमच द्यावी.

तिसरी गोष्ट बाकाची. काठी जमिनीवर सपाट बाजू खाली करून ठेवली, की मधे कमान दिसते. नियमाने ही कमान २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. कमान खाली, टोकाकडे असेल, तर पेनल्टी कॉर्नरला चेंडू ओढून उचलून मारणाऱ्याला सोयीचे जाते. शिकाऊ मुलाला कमान मधोमध आणि बेताची असलेली काठी बरी.

आणि एखादा मुलगा डावखुरा असेल तर? त्याच्यासाठी उलटी काठी मागू नका. नियमात ती बसत नाही. चेंडू सपाट बाजूनेच खेळायचा. सर्वांनी डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्याला हे लवकर अंगवळणी पडते, कारण काठी फिरवण्याचे काम वरचा हातच करतो.

आता लाकूड की कार्बन? १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर आली, खेळ वेगवान झाला आणि पुढे कार्बन-फायबरच्या कडक काठ्याही आल्या. कडक काठीने फटका जोरकस बसतो. पण नवशिक्याचा चेंडू तिच्यावरून उसळून जातो. मातीच्या मैदानावर शिकणाऱ्याला तुतीच्या लाकडाची काठी पुरे. घेताना मात्र एवढे पाहा: लाकडाच्या रेषा खालच्या वळणाबरोबर वळलेल्या असाव्यात. मधेच तुटलेल्या असल्या, तर काठी तिथेच चिरते.

महाग काठी हवीच असे नाही. खडकीच्या धनराज पिल्ले यांचे बालपण मोडक्या काठ्यांशी खेळण्यात गेले आणि पुढे ते भारताचे कर्णधार झाले. तेव्हा पैसे थोडे असतील, तर काठ्या कमी घ्या. पण तीन निरनिराळ्या मापांच्या घ्या आणि आळीपाळीने द्या.

आणि एखादा मुलगा मैदानावर अडखळताना दिसला, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या हातातली काठी एकदा कमरेशी लावून पाहा. मी ते उशिरा केले. तुम्ही उशीर करू नका.