शिकाऊ मुलांच्या पाठीशी उभे राहा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नातेपुते येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर आपण परीक्षेत वरचा क्रमांक मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करतो. ही प्रथा उत्तम आहे. परंतु ज्यांच्या गळ्यात हार पडत नाही, त्यांच्याविषयी आज मला दोन शब्द बोलावयाचे आहेत. दहावी कशीबशी पार करून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दाखल झालेला आणि चार महिन्यांतच घरी परतू पाहणारा जो तरुण, त्याची चिंता आपणांपैकी कितीजण वाहतात?

कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना १९५० साली सुरू झाली. शिकाऊ उमेदवारांस कारखान्यात विद्यावेतन मिळावे असा कायदा १९६१ साली झाला. तेव्हा दार उघडे आहे. आत गेलेला मुलगा टिकत नाही, हे खरे दुखणे आहे.

तो का टिकत नाही? मुलगा मंद असतो म्हणून नव्हे. जोडाऱ्याच्या वर्गात व्हर्निअर नावाचे माप हाती येते. त्यावर मिलिमीटरचे शतांश वाचावे लागतात. ज्याचे दशांश अपूर्णांक पाचवी-सहावीतच कच्चे राहिले, त्याचे येथे अडते. चारचौघांत विचारण्याची लाज वाटते, मग तो वर्ग चुकवू लागतो. दुसरे कारण घरचे. ऊसतोडीचा हंगाम आला की मुलाचे दोन हात घरास हवे असतात. परीक्षेस बसण्यासाठी तर ऐंशी टक्के हजेरी लागते. हजेरी बुडाली की वर्ष बुडते, आणि एकदा बुडालेला मुलगा सहसा परत फिरत नाही. एस. टी.च्या भाड्यापायी घरी बसलेलीही काही आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवली आणि श्रम करून शिकली. गरिबाच्या मुलास प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या जेवणाची, निवाऱ्याची व अभ्यासाची काळजी वाहावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, आपल्या कार्यालयात रविवारी दोन तास गणिताचा व रेखाचित्राचा वर्ग चालावा; निवृत्त शिक्षकांनी व कारखान्यांतील अनुभवी कामगारांनी तो विनामूल्य घ्यावा. दुसरी, सत्कारांच्या शाली-श्रीफळांवरील खर्चातून थोडी रक्कम काढून गरजूंच्या प्रवासभाड्यासाठी वेगळी ठेवावी. तिसरी, प्रत्येक शिकाऊ मुलामागे एका वडीलधाऱ्याने उभे राहावे. महिन्यातून एकदा त्याची हजेरी विचारावी, आणि घरच्यांनी त्याला कामास थांबविले तर त्यांची समजूत घालावी.

आणखी एक विनंती. या वर्गाच्या दारात कोणाची जात विचारू नये. शेजारच्या आळीतील मुलगा आला तर त्यालाही पाट द्यावा. असे केल्याने आपल्या संस्थेचे काही उणे होणार नाही, उलट तिचे नाव मोठे होईल.

वेल्डिंगचा ठिणगीकाम करणारा हातही विद्येचाच हात आहे. पुढील वर्षी याच व्यासपीठावर अशा एखाद्या तरुणास पहिला हार घालण्याचा योग आपणांस येवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.