ज्वारी पिवळी, बाई पांढरी



चुनखडीच्या रानात ज्वारी पिवळी पडते. लोह जमिनीत असतं, मुळांना उचलत नाही. म्हणून आपण हिराकस पानावर फवारतो. सरकारी लाल गोळीत तेच लोह, शुद्ध केलेलं. (शेतातली हिराकस तोंडात घालायची नाही!) गोळी मानवत नसेल, किंवा बाळंतपण जवळ येऊन हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर लोह शिरेतून देतात. पहिल्या तीन महिन्यांत नाही. आणि दवाखान्यातच, कारण क्वचित रिॲक्शन येते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे. त्यात रक्त कमी असतं, लोह कमी असेलच असं नाही. जास्तीचं लोह अंगात साठतं. तेव्हा आधी सिकलसेलची तपासणी मागू. वेचणीपायी गरोदर सुनेची तपासणी दिवाळीपलीकडे ढकलतो आपण. ती याच आठवड्यात करू.