निराधाराचा अर्ज आणि कार्यकर्त्याचे काम

(धरणगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



धरणगावच्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन येणारा अपंग मजूर दया मागण्यासाठी येत नाही, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. ही योजना राज्यात 1980 साली सुरू झाली. पुढे 2016 साली संसदेने अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा केला आणि 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांच्या जागी 21 प्रकारचे अपंगत्व मान्य केले. त्याच कायद्याचे 24 वे कलम म्हणते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे.

प्रत्यक्षात काय झाले? 2019 साली अनुदान 600 वरून 1,000 रुपये झाले, 2023 साली 1,500 झाले. परंतु दोन्ही वेळा अपंगाला इतर निराधारांइतकेच मिळाले. अपंगांसाठी 2,500 रुपयांचा निर्णय होण्यास 2025 साल उजाडावे लागले. दरम्यान सरकारी भाषेत 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्द बदलण्यास पैसा लागत नाही, म्हणून तो आधी बदलला. ज्या वर्गाला संघटना नाही त्याची थकबाकी कोणी मोजत नाही, हाच याचा अर्थ.

तथापि मंजूर रक्कमही अनेकांपर्यंत पोचत नाही, कारण अर्ज निर्णयाच्या टेबलापर्यंत जाण्याआधीच कागदांत अडतो. म्हणून कार्यकर्त्याचे काम कचेरीच्या दारात नव्हे, अर्जदाराच्या घरी सुरू होते. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, वयाचा व रहिवासाचा पुरावा एकत्र मांडून नावे ताडून पाहावीत. खानदेशात एका कागदावर 'सुमन' आणि दुसऱ्यावर 'सुमनबाई', एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे, हे नित्याचे आहे. ही दुरुस्ती आधी झाली नाही, तर पुढचा प्रत्येक दाखला चुकीच्या नावाने निघतो.

त्यानंतर अपंगत्वाचे प्रमाणपत्र. त्यासाठी जळगावच्या शासकीय रुग्णालयात तपासणीस जावे लागते, आणि मजुराच्या घरी त्या दिवशी दोघांची मजुरी बुडते. म्हणून जुने उपचाराचे कागद, शस्त्रक्रियेच्या नोंदी, क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. तपासणीत संकोचाने 'जमते कसेबसे' असे म्हणण्याची आपल्याकडील माणसांची सवय असते. काय जमते, काय जमत नाही, कोणत्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो, हे जसे आहे तसे सांगावे. वाढवू नये आणि लपवूही नये. 40 टक्के ही किमान मर्यादा आहे. निष्कर्ष अमान्य असल्यास कायद्याच्या 59 व्या कलमाने अपील करता येते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्याची मुदत कार्यकर्त्याने वहीत नोंदवून ठेवावी.

खरा पेच उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. योजनेने सर्वसाधारण कुटुंबासाठी वार्षिक 21,000 रुपयांची मर्यादा ठेवली. अपंगासाठी ती पुढे 50,000 करण्यात आली. महिन्याला हे 4,167 रुपये होतात. समजा, घरातील एकच माणूस 300 रुपये रोजाने वर्षातून 200 दिवस कापसाच्या शेतात राबला, तर 60,000 रुपये होतात आणि त्याचा अपंग भाऊ अपात्र ठरतो. म्हणजे नियमच गरिबाला खोटे लिहिण्यास भाग पाडतो, आणि मग तोच खोटेपणा त्याच्या डोक्यावर टांगती तलवार होऊन राहतो. खोटा दाखला मिळवून देणारा मध्यस्थ उपकारकर्ता ठरतो आणि हक्काची पुन्हा मेहेरबानी होते. कार्यकर्त्याने या वाटेने जाऊ नये. अपंगाचे स्वतःचे उत्पन्न कुटुंबापासून वेगळे मोजा, ही मागणी चावडीपासून विधानसभेपर्यंत लावून धरावी. भावाच्या मजुरीवर जगणे म्हणजे साधार असणे नव्हे.

केंद्राचे चित्र याहून निराळे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते, आणि केंद्राचा वाटा 2012 पासून दरमहा 300 रुपयेच राहिला आहे. महागाई वाढली, पण हा वाटा जागचा हलला नाही.

अर्ज दिला की पोच घ्यावीच. कागद कमी असल्याचे तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे. ज्या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांना मुदत आहे आणि मुदत उलटल्यास अपील आहे. अर्जाचा निर्णय तालुका समिती करते. तिच्यात अशासकीय सदस्य असतात आणि तेथेच शिफारशीचे राजकारण शिरते. त्यावर उपाय एकच: किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि नाकारले ते कोणत्या कारणाने, ही माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागून गावात जाहीर वाचावी. नगरपरिषदेने व ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्चावयाचा असतो. त्याचा हिशेबही ग्रामसभेत विचारावा.

पाळधीपासून सोनवदपर्यंत प्रत्येक गावात एक वही आणि ती सांभाळणारा एक माणूस असला, तरी पुष्कळ काम होईल. एकेकट्याने कचेरीत गेलेला अपंग अर्जदार असतो; वीस जणांनी आपापल्या पोचपावत्या घेऊन एकत्र विचारले, की तो नागरिक होतो.