मातृभोजनाचे ताट

मुंजीच्या दिवशी मातृभोजन असते. बटू आईसमवेत एका ताटात अखेरचे जेवतो. पुढे पहिली भिक्षाही तीच घालते. मुलाला दूर करण्याचा संस्कार पूर्वजांनी आईच्याच हातून घडविला, हे विलक्षण आहे. १८७५ च्या कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण होताच मूल सज्ञान ठरते. पण कायदा ताट मांडीत नाही.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी, असे घरोघर हसत म्हटले जाते. मात्र पदवी हाती येताच मुलगा ‘प्रचारक म्हणून निघतो’ म्हणतो, तेव्हा त्याला बोट धरून शाखेत नेणारे वडीलच गप्प होतात. अभिमान आणि हुरहुर एकदमच दाटून येतात. त्यात कमीपणा कसला? आई मुकाट्याने डबा भरू लागते. लाडू किती झाले, ते मोजीत नाही.